छतातून आलेले समालोचन

परदेशात राहून भारताचा सामना पाहणाऱ्या माणसाला फक्त झोप मोडावी लागते, असा आमच्या पुण्यातील नातेवाइकांचा समज आहे. झोपेचे काही विशेष नाही. ती कचेरीतील सोमवारच्या बैठकीत, कॅमेरा बंद ठेवून, सव्याज वसूल करता येते. खरा छळ निराळाच आहे. अमेरिकेतील एडिसन गावातल्या माझ्या दिवाणखान्यात गोलंदाज अजून धावत येत असतो आणि त्या चेंडूचे काय झाले हे पुण्याहून मला कळवून झालेले असते.

तरीही आधी घड्याळाबद्दलची तक्रार नोंदवून ठेवतो. 2023 च्या विश्वचषकात भारताचे सामने दुपारी दोनला सुरू होत, म्हणजे आमच्या न्यू जर्सीत पहाटे साडेचारला. ऑक्टोबरभर मी या साडेचाराला सरावलो. 5 नोव्हेंबरच्या पहाटे इथली घड्याळे नेमाप्रमाणे एक तास मागे गेली आणि त्याच दिवशी कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेशी सामना होता. मी नेहमीचा गजर लावून उठलो, चहा केला आणि ऐटीत पडद्यासमोर बसलो, तेव्हा 24 चेंडूंत 40 धावा करून रोहित शर्मा केव्हाच तंबूत परतला होता. फोनने आपले घड्याळ इमानेइतबारे बदलले होते. माझे डोके बदलायचे राहून गेले होते.

म्हणून 19 नोव्हेंबरच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी मी तीन गजर लावले आणि प्रत्यक्षात तिन्ही वाजण्यापूर्वी जागा झालो, कारण पावणेतीनलाच बाबांचा फोन आला. 2011 साली 2 एप्रिलच्या रात्री धोनीने कुलसेकराला षटकार मारला, तेव्हा मी आमच्या पुण्याच्या घरात जमिनीवर, डावा पाय दुमडून, कपाटाला टेकून बसलो होतो. भारताने तो चषक जिंकला यात धोनीच्या नाबाद 91 धावांचा वाटा किती आणि माझ्या डाव्या पायाचा किती, याबद्दल बाबांच्या मनात आजही संदेह नाही. "बसलास का रे खाली?" त्यांनी विचारले. इथे कपाटे भिंतीत असतात आणि त्यांची दारे सरकती असतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी सरकत्या दाराला टेकलो. दार सरकले.

आता त्या विलंबाविषयी. इंटरनेटवरून येणारे चित्र सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, आपल्याकडचे यंत्र त्यांतले थोडे साठवून घेते आणि मग खेळ दाखवू लागते. याउलट "गेला!!!" या संदेशाला तुकडे पाडावे लागत नाहीत. पुणे आणि एडिसन यांमधले साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचे अंतर तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार करतो आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात येऊन उभा राहतो. कोण गेला हे मात्र कोणी लिहीत नाही. ते शोधायला आम्हाला पाऊण मिनिट दिलेले असते आणि तेवढ्या वेळात मी दोन्ही फलंदाजांकडे, शेवटच्या भेटीला आल्यासारखा, आळीपाळीने पाहत बसतो.

या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, असे ठरवून मी माझा फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण लावले. पत्नीने आपला फोन द्यायला नकार दिला. "आईचा फोन आला तर?" एवढेच बोलून ती रजईत शिरली. त्या रजईला आतून मंद निळा उजेड होता, हे मला उशिरा दिसले.

दहाव्या षटकात रोहित मॅक्सवेलला षटकार मारत असताना रजईखालून "अगंबाई!" असा उद्गार आला. पुढच्या चेंडूवर चौकार गेला. बहुधा झुरळ दिसले असेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच्या पुढच्या चेंडूवर ट्रॅव्हिस हेडने मागे धावत जाऊन तो झेल घेतला.

मी रजईकडे पाठ फिरवली, तर छत बोलू लागले. इथल्या जुन्या इमारतींचे मजले लाकडी असतात, त्यामुळे वरच्या तेलुगू कुटुंबाचे प्रत्येक पाऊल आम्हाला ऐकू येते. त्यांचे चित्र आमच्यापेक्षा वीसएक सेकंद पुढे असावे. एक धप्प म्हणजे चौकार, सलग दोन म्हणजे षटकार, हा कोश मी उपांत्य सामन्यात, शमी सात बळी घेत असताना, तयार करून ठेवला होता. रोहित बाद झाल्यावर श्रेयस अय्यरच्या एका चौकाराला धप्प झाले, त्यानंतर मात्र छत जे गप्प झाले ते गप्पच राहिले. आधी वाटले, मंडळी झोपली असावीत. पण पडद्यावर पाहिले तर छताची काही चूक नव्हती. भारताला ओळीने 97 चेंडू एकही चौकार मारता आला नाही. इतके नेमके समालोचन मी आजवर ऐकलेले नाही.

कमिन्सचा चेंडू कोहलीच्या बॅटला लागून यष्ट्यांवर गेला, तेव्हा अहमदाबादच्या मैदानातील नव्वद हजारांहून अधिक माणसे एकाएकी अशी गप्प झाली की आवाज पुन्हा गेला असे समजून मी स्पीकरची तार उपसून परत खोचली. आवाज गेलेला नव्हता.

240 धावांवर डाव आटोपल्यावर बाबांनी पत्नीच्या फोनवरून मला उजवा पाय दुमडून पाहण्याची परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाची 3 बाद 47 अशी अवस्था होईपर्यंत छतावर तीनदा नाच झाला आणि आमच्या दिव्याची काच हलली. मग हेड आणि लाबुशेन यांची जोडी जमली. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. हेडच्या 137 धावा मी दोन्ही पाय, आलटून पालटून, दुमडून पाहिल्या.

सामना संपला तेव्हा बाहेर रविवारचे लख्ख ऊन पडले होते. कचऱ्याची पिशवी घेऊन मी जिन्यात आलो, तर वरचे गृहस्थही तशीच पिशवी घेऊन उतरत होते. त्यांचेही डोळे लाल होते. दोघांनीही माना हलवल्या. बोलण्यासारखे काय होते? कचरा टाकून परत येताना मात्र ते पायरीवर थांबले आणि जरा संकोचून हिंदीत म्हणाले, "एक विचारू का? तुमच्याकडे सामना आमच्या आधी दिसतो ना? तुमचे पॅकेज कोणते आहे?"

मी चकित होऊन नाही म्हणालो.

"असे कसे?" ते म्हणाले. "मराठीत 'अगंबाई' म्हणजे आउटच ना?"