परदेशी माणसाला हक्क नसतात, हे साफ खोटं आहे

मावशीने परवा न्यू जर्सीतल्या आपल्या मुलाला एक फॉरवर्ड पाठवलं, वर ‘नीट वाच’ असं लिहून. तो तिथे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकेत नागरिक नसलेल्याला घटनेचं संरक्षण नाही, अधिकारी देतील त्या कागदावर मुकाट सही करावी, इमिग्रेशनचा वकील शोधू नये, हे वकील पैसे उकळतात, आणि त्यांची परंपराच कम्युनिस्टांची. पुरावा म्हणून कॅरोल वाइस किंग यांचं नाव, म्हणजे गेल्या शतकात परदेशी लोकांचे हद्दपारीचे खटले लढवणाऱ्या अमेरिकन वकीलबाई.

सहीचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच घेते. किंगबाईंनी ज्यांच्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली ते हॅरी ब्रिजेस मूळचे ऑस्ट्रेलियाचे, गोदी कामगारांचे पुढारी. कम्युनिस्ट ठरवून त्यांना हाकलायचा सरकारने चंग बांधला होता. १९३९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर सुनावणी झाली, बाई बचावाच्या वकिलांत होत्या. हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन जेम्स लँडिस यांनी निकाल दिला: आरोप सिद्ध नाही. मग सरकारने कायदाच बदलला आणि पुन्हा खटला भरला. १९४५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हकालपट्टीचा हुकूम रद्द केला. एक मोठं कारण काय? एका साक्षीदाराच्या नावावर खपवलेला जबाब. त्यावर शपथ नव्हती, सही नव्हती, आणि साक्षीदाराने सुनावणीत तो नाकारला होता. इमिग्रेशन खात्याच्याच नियमात शपथ आणि सही दोन्ही हव्या होत्या. सहीला कोर्टात एवढं मोल असताना, न वाचता सही करून टाक असं आपण आपल्याच पोराला सांगायचं?

त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणाचं स्वातंत्र्य आहे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावू नये असं सांगणाऱ्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतही शब्द ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ नव्हे. पहिला मुद्दा इथेच संपला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: हे संरक्षण सगळ्यांना सारखं मिळत नाही. सरहद्दीवर पकडलेल्याला न्यायाधीशापुढे न नेताच परत पाठवायची तरतूद १९९६ पासून आहे. आणि इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवता येतो, पण सरकार त्याचा खर्च देत नाही. म्हणजे वकिलाची सोय आधीच करून ठेवायला हवी, आणि हे फॉरवर्ड नेमकं तेच करू नका म्हणतं.

पैसे उकळणारे असतीलही काही. किंगबाई त्यातल्या नव्हत्या. भाऊ न्यूयॉर्कच्या बड्या वकिली फर्ममधला, तो रस्ता त्यांनाही मोकळा होता. त्यांनी हद्दपारीचे खटले घेतले.

कम्युनिस्टांची वकिली? हो, केली. त्या डाव्या होत्या आणि त्यांच्या अशिलांत कम्युनिस्ट बरेच होते. विल्यम श्नायडरमन तर पक्षाचे कॅलिफोर्नियातले पदाधिकारी. सरकार त्यांचं नागरिकत्वच काढून घेत होतं. त्यांच्यासाठी बाईंनी वेंडेल विल्की यांना उभं केलं, म्हणजे १९४० चे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार! विल्कींनी फी घेतली नाही. १९४३ मध्ये खटला जिंकला.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने तो मेसेज काढून टाकला आणि मुलाला विचारलं, तुझ्या ओळखीचा वकील कोण आहे, त्याचा नंबर मलाही पाठव.