भिरुडाला आवतण

दारातला आंबा नकोसा झालाय आणि तोडायला महापालिकेची परवानगी मिळत नाही? कशाला हेलपाटे मारताय! भिरूड, म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारा भुंगा, हे काम फुकटात करतो. फक्त आवतण नीट पाहिजे, कारण त्याची पसंती ठरलेली: दमलेलं, जखमी झाड.

म्हणून आधी आंब्याला दमवा. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवा. हातभर माती मोकळी सोडा म्हणणाऱ्या गवंड्याला खुळ्यात काढा. गटारीचा चर मारताना आडव्या आलेल्या मुळ्या सरसकट तोडा. गणपतीची लायटिंग खिळ्यांनीच ठोका. फांदी छाटली तर जखमेला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची नाही. फुटकी साल म्हणजे मादीला अंडी घालायला आयती जागा.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनवरच्या इवल्याशा भुंग्यांनी सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलात हात मारला. धडधाकट पाइन चिकाचा लोंढा सोडून भुंग्याला बुडवतो. पाण्यावाचून सुकलेल्याकडे चीकच नसतो. शिवाय त्यांच्या अळ्या मरायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते, आणि हिवाळे उबदार झालेले. तिकडं एवढं सगळं जुळून यावं लागलं. आपलं पेव्हर ब्लॉकवर भागतं.

पावसाच्या तोंडावर ट्यूबलाइटवर दोन इंची करडा भुंगा आपटेल. मिशा अंगापेक्षा लांब, मानेवर दोन नारिंगी ठिपके, चिमटीत धरला की कुरकुरतो. पोरांना दाखवा आणि सोडून द्या.

पुढं बुंध्याशी लाकडाचा भुसा पडू लागेल. रोज झाडून घ्या, वर बघू नका. बघितलंत तर भोक दिसेल, ओला चीक ओघळलेला दिसेल. मग कुणीतरी शहाणा सायकलचा स्पोक टोकाला वाकवून आत घालेल, तीन इंची पांढरी अळी ओढून काढेल, पेट्रोलचा बोळा कोंबून चिखलानं भोक लिंपेल, आठवड्यानं नवा भुसा पडतोय का तेही बघेल. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. तुम्ही आपली पानांवर फवारणी करा, महागातली. अळी खोडात आहे, तिला थेंबही लागत नाही.

पानं पिवळी पडतील, एकेक फांदी वाळेल. मग परवानगीही मिळेल. तोडलेले ओंडके मात्र जाळू नका. शेजाऱ्याच्या हापूसलगत रचून ठेवा. आतली जनावरं जूनपर्यंत तयार होतील.