भेदरलेला मेंदू कॅमेरा होत नसतो

सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने काल गोव्यातल्या डिचोलीहून एक व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवला. 'ज्याला चिंता वाटते तो जवान नव्हे. धोक्यात जवानाचे डोळे कॅमेरा होतात आणि पाहिलेले काही विसरत नाहीत. म्हणून परीक्षेआधी मुलांना धाकात ठेवा, आदल्या रात्री झोपू देऊ नका', असा त्याचा मथितार्थ. खाली भाच्याचा प्रश्न : 'मामा, खरें हें?'

कॅमेऱ्याचीच गोष्ट आधी घेतो, कारण बाकीचा डोलारा तिच्यावर उभा आहे. शत्रूच्या हाती सापडल्यास कसे टिकावे, हे शिकवण्यासाठी अमेरिकी सैनिकांना नकली युद्धकैदी-छावणीत ठेवून त्यांची उलटतपासणी केली जाते. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अशा पाचशेहून अधिक सैनिकांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशी करणारा माणूस अर्धा तास समोर होता. तरी नंतर रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून त्याला अचूक ओळखणारे सौम्य चौकशीनंतर ६२ टक्के होते, तर दमदाटीच्या चौकशीनंतर अवघे ३० टक्के. हे सगळे प्रत्यक्ष सेवेतले सैनिक होते, म्हणजे 'तो जवान नव्हे' हा मुद्दाही इथेच निकालात निघतो.

कारण अनाकलनीय नाही. चिंताग्रस्त मनाचे लक्ष कामावरून सुटून धोक्याच्या खुणेकडे ओढले जाते आणि आकडे किंवा सूचना क्षणभर धरून ठेवणारी स्मृती काळजीनेच अडून राहते. परवा भाच्याचे वडील पाठीमागे येऊन उभे राहिले, तेव्हा तो संख्यामालिकेचा एकच प्रश्न तीनदा वाचत होता.

थोडा ताण उपयोगी पडतो, एवढे मान्य करावेच लागेल. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ च्या प्रयोगात सोपी निवड असताना विजेचा झटका जितका तीव्र, तितके शिकणे जलद झाले. निवड अवघड होताच मात्र मध्यम झटकाच सरस ठरला. शिवाय ते उंदीर होते, हे संदेशकर्त्याच्या गावीही नसावे.

जागरणाविषयी काय बोलावे? सलग जागलेल्या सैनिकांची दक्षता आणि प्रतिक्रियेचा वेग ढासळतो, हे लष्करांनीच मोजलेले आहे.

भाच्याला उत्तर पाठवले : 'फट. आयज बेगीन न्हिद.' (खोटे. आज लवकर झोप.) त्याच्या वडिलांशी मी वेगळा बोलणार आहे.