पंप बंद ठेवणारं काहीतरी द्या

"मच्छीवाले, जरा बाजूला सरका," म्हणत काल इतवारीतल्या एका दुकानदाराने मला काउंटरच्या कोपऱ्यात सारलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू, पारा पंचेचाळिसाच्या पुढे, दुकानात कूलरच्या पंपासाठी झुंबड. त्यात ॲक्वेरियमचं सामान मागणारा म्हणजे लग्नघरी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आलेला माणूस. मागणी तरी केवढी? पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा बोटाएवढा फ्लोट स्विच, १२ व्होल्टची रीले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच, आणि एक ऑन-डिले टायमर, म्हणजे वीज मिळाल्यावर ती ठरलेल्या वेळाने पुढे देणारा.

"टाकी भरली की बंद करायचंय ना?"

"नाही, रिकामी झाली की."

"रिकामी होऊच काहून देता?"

हे विचारणारे दुकानदार नव्हते. जळका कूलरपंप वायरीला धरून लोंबकळवत शेजारी उभे असलेले एक काकाजी होते. त्यांचा नंबर माझ्या आधी होता, पण घाई अजिबात नव्हती.

"पाणी संपलं का पंप घुरघुरते. कान कायले दिले देवानं? आवाज आला, उठाचं, बटन बंद कराचं."

"आणि घरी कोणी नसलं तर?"

"घरी कोणी नाही तर पंप कायले चालू ठेवता?"

"मासे असतात ना, काकाजी."

"मंग हाये ना कोणी घरी!"

अख्खं दुकान हसलं. पोऱ्याने तर हातातला होल्डर खाली ठेवून हसून घेतलं. काकाजींच्या हातातल्या पंपाच्या बुडाशी क्षाराचा पांढरा थर होता आणि वायरीजवळचं प्लास्टिक वितळलं होतं. तो रात्री कोरडा चालला तेव्हा देवाने दिलेले कान कुठे होते, हे विचारायचं होतं. पण वयाचा मान.

भानगड अशी असते. शोच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोने खाली सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, उतरतं, कप्प्याकप्प्यांतून गाळून शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथला रिटर्न पंप ते परत वर फेकतो. आधीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचा धरून ठेवतात. त्यामुळे वाफ कुठूनही होवो, घट दिसते ती शेवटच्या कप्प्यातच. हा कप्पा ३० बाय २० सेंटिमीटरचा असला तर एक सेंटिमीटर म्हणजे फक्त ६०० मिली. कोरड्या हवेत, वर पंखा चालू असताना दिवसाला ६ लिटर उडालं असं धरलं, तर पातळी १० सेंटिमीटर खाली. दोन दिवस लग्नाला गेलात की पंपाच्या तोंडाशी भोवरा आणि आत हवा. या पंपांना थंड ठेवायला आणि दांडीला वंगण म्हणूनही पाणीच असतं. ते गेलं की बुश तापून सैल होतो, सिरॅमिकची दांडी तडकते आणि पाणी फेकणारं पातं, म्हणजे इम्पेलर, जाम.

दुकानदाराने तोवर घराच्या टाकीचा वायरवाला फ्लोट काढून ठेवला. "हा ५,००० लिटरला चालतो."

"मोठ्यात चालते, तर लहान्यात काहून नाही चालणार?" काकाजी.

कारण तो लोलकासारखा वरखाली व्हायलाच वीतभर जागा मागतो, आणि आपला कप्पाच वीतभर! म्हणून हवा तो उभ्या दांडीवरचा छोटा फ्लोट. त्याच्या आत चुंबकाने जुळणाऱ्या दोन बारीक पट्ट्यांचा रीड स्विच असतो, क्षमता साधारण १० वॅट. २३० व्होल्टचा पंप थेट त्याच्यावर टाकला की काही दिवसांत आतल्या पट्ट्या चिकटतात. मग पाणी संपलं तरी स्विच 'सब ठीक' म्हणत बसतो. फ्लोटने फक्त १२ व्होल्टची रीले ओढायची, कॉइल सुटताना येणारा झटका पोटात घालायला तिच्यावर उलटा ४००७ डायोड टाकायचा, आणि पंपाचा भार रीलेवर.

पण खरी खोड पुढे आहे. पंप बंद झाला की वरच्या टाकीतलं जास्तीचं पाणी खाली येतं. टाकी १२० बाय ४५ ची असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर, कप्प्यात पातळी ९ सेंटिमीटर वर. फ्लोट म्हणतो, पाणी आलं! पंप सुरू होतो, तेवढं पाणी दहाएक सेकंदांत वर फेकतो, पुन्हा बंद. मिनिटा-दोन मिनिटांनी हाच खेळ, रात्रभर. पंप कोरडा जळण्याऐवजी चालू-बंद होऊन मरतो, एवढाच फरक.

काकाजींनी हे मन लावून ऐकलं. "म्हंजे बंद केला का पाणी येते, चालू केला का जाते."

"बरोबर."

"मंग बंदच ठेवा."

यावर इलाज दोन. एक, स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर धरून राहणारी रीले: एकदा सुटली की माणसाने बटन दाबेपर्यंत सुटलेली. पण आपल्याकडे लाइन गेली तरी ती सुटते आणि लाइन आल्यावर तशीच राहते. म्हणून मी टायमरच्या बाजूचा. फ्लोटची रीले टायमरला वीज देते, टायमर अर्ध्या तासाने पंपाला. लाइन आल्यावर पंप आपोआप सुरू होतो, आणि पाणी कमी असलं तर तासाला फार तर दोन झटके. हवेचा पंप मात्र वेगळ्या सॉकेटवर, कायम चालू. फ्लोट पंपाच्या तोंडापेक्षा ३ सेंटिमीटर वर लावायचा आणि भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात बसवायचा, नाहीतर गोगलगाय चढते आणि फ्लोटला वर जाताच येत नाही. आठवड्यातून एकदा बोटाने दाबून बघायचा.

वरून भर घालायची ती आरओच्या पाण्याची. वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागेच राहतात; त्यात बोअरचं पाणी ओतत गेलं की कडकपणा चढतच जातो.

टायमर अखेर मिळाला, माळ्यावरून, धूळ न पुसता. काकाजी नवा कूलरपंप घेऊन केव्हाच गेले होते, कानांच्या भरवशावर. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो टाकी बनवून देणाऱ्यांवर. निळे दिवे लावतील, काचेला पॉलिश मारतील, गाळणीतल्या प्लास्टिकच्या बायो-बॉलचं पोतं उपसतील, आणि सगळ्यात महागड्या पंपाला सगळ्यात अरुंद कप्पा देतील. ३० ऐवजी ४५ सेंटिमीटर ठेवला तर पाणी दीडपट आणि काच जवळपास तेवढीच, कारण मधला एक पडदाच तर सरकवायचा. सांगून बघा. "डिझाइन असंच येतं, साहेब."