रंग जातो का हो?

त्या माणसानं खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं त्याचं एक टोक भिजवलं आणि माझ्या कोंबड्याचा तुरा खसाखसा पुसला. मग रुमाल उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. काळं लागलेलं नव्हतं. "ओरिजिनल दिसतोय," असं म्हणून त्यानं रजिस्टरात बरोबरची खूण केली. याला आता चार दिवस झाले. तरी रात्री कूस बदलली की मला तो रुमाल दिसतो.

तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शन होतं, त्यात पक्ष्यांची स्पर्धा होती, फी दोनशे रुपये होती आणि घरात मला कुणी वेळेवर अडवलं नाही. एवढी पार्श्वभूमी पुरे.

कोतवाल हा माझा कडकनाथ. तुरा काळा, चोचीखाली लोंबणारे गलोल काळे, जीभसुद्धा काळी. प्रदर्शनाला न्यायचा पक्षी दोन-तीन दिवस आधी धुवावा लागतो, कारण साबणानं पिसांवरचं तेल जातं आणि शेपटीच्या मुळाशी जी तेलाची गाठ असते तिथून चोचीनं तेल घेऊन ते पुन्हा चोपडायला पक्ष्याला वेळ हवा. हे सगळं मी वाचून ठेवलं होतं. तीन बादल्या मांडल्या: एकीत कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, तिसरीत चमचाभर व्हिनेगर. मला वाटलं होतं, रक्तपात होईल. प्रत्यक्षात कोमट पाण्यात मानेपर्यंत बुडाल्यावर कोतवालानं डोळे मिटले आणि चक्क पेंगायला लागला. पायांवरची खवलं टूथब्रशनं घासली, नखं कापली, तुऱ्याला खोबरेल लावलं, हेअर ड्रायरनं पिसं वाळवली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही एवढे स्वच्छ नव्हता." मग बादलीतलं मळकट पाणी बघून, "रंग उतरला की काय हो?" तिचं मी हसण्यावारी नेलं. तेव्हा रुमाल माहीत नव्हता.

प्रदर्शनाच्या सकाळी दाणे अगदी बेताचे दिले, कोतवालाला डालग्यात बसवलं, वरून टॉवेल बांधला आणि वडापची जीप धरली. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. नसेल राहत, पण अंधार केला की कोंबडं गप्प बसतं, एवढं मात्र खरं. पहिली पाच मिनिटं बसलंही. मग माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं टॉवेलचं टोक उचललं. कोतवालाला वाटलं उजाडलं. त्यानं माझ्या कानाजवळ अशी बांग दिली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

"कडकनाथ हाय काय?" म्हातारा.

"हो."

"कितीला घेतला?"

"विकायचा नाही, आजोबा."

"इकतो का म्हणलोच न्हाई. कितीला घेतला म्हणलो."

"पिल्लू असताना घेतला होता."

"आता किती भरंल?"

"पावणेदोन किलो."

"म्हंजे सोलून सव्वा." त्यांनी डोळे मिटून हिशोब केला. "घरात माणसं किती?"

"आजोबा, प्रदर्शनाला नेतोय. सोलायचा नाहीये."

"पर्दर्शनात काय करतो ह्यो?"

आठ दिवस खपत होतो, पण या प्रश्नाचा विचार मी केला नव्हता. "उभा राहतो," मी म्हणालो.

"घरी उभा ऱ्हात न्हवता?"

जीप हसली. पुढच्या सीटवरच्या आजी मागं वळून म्हणाल्या, "दम्याला चालतंय म्हणं त्येचं." मागच्या फळीवरचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, "धोनीनं दोन हजार पिल्लं मागवली होती झाबुआवरनं."

"मग त्येनं तरी काय हुबी करायला मागवली आस्त्याल?" म्हातारा म्हणाला. मग माझ्या कानाशी येऊन, जणू घरगुती भानगड विचारावी तसं, "रस्सा काळा हुतो का ओ?"

"मी खाल्लेला नाही."

"पाळलाय आन् खाल्ला न्हाई?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला माझ्या पगाराचाही संशय आला.

मग ते थोडा वेळ गप्प बसले आणि एकदम म्हणाले, "तुमचंबी बुडालं का त्यात?"

कशात, हे विचारावं लागलं नाही. पिल्लं घ्या, पक्षी आणि अंडी आम्हीच विकत नेतो, अशी हमी देऊन आमच्या भागात शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले होते आणि 2019 साली ते सगळं कोसळलं. तेव्हापासून कडकनाथ म्हटलं की लोक आधी सांत्वन करतात.

"माझा एकच आहे," मी म्हणालो.

"बरं निभावलं. पुतण्याचं शेड हाय आमच्या. आता त्यात कडबा ठेवतो."

यावर जीपमध्ये कुणी हसलं नाही.

उतरताना ड्रायव्हरनं दोन सीटचे पैसे मागितले. डालगं पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होतं. मी वाद घातला. आजी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या: "यष्टीत बाईमाणसाला आरधं तिकीट, आन् ह्यो मुडदा कोंबड्याला पुरं लावतोय!" म्हाताऱ्यानं निवाडा दिला की वजनावर पैसे घ्यावेत. शेवटी मी दोन्ही सीटचे दिले. उतरता उतरता म्हाताऱ्यानं माझा नंबर घेतला. का दिला, ते विचारू नका.

प्रदर्शनात पिंजरे होते, पण पाण्याच्या वाट्या नव्हत्या. मी बाटली कापून तारेनं बांधली. सावली दुपारी बारापर्यंत होती, पुढे पिंजऱ्यांवर ऊन. आणि आमच्या पिंजऱ्यापासून सहा पावलांवर खाद्यपदार्थांचा स्टॉल: 'कडकनाथ थाळी'. लोक पाटी वाचत, मग कोतवालाकडे बघत, मग मला विचारत, "यातलाच करणार का?" दिवसभरात मी हे एकवीस वेळा ऐकलं. बाविसाव्याला "हो" म्हणालो.

आता थोडं कडू बोलतो. पक्ष्याला गुण कशाचे, हे तिथं कुणाला विचारायचं तेच कळेना. चाल, पिसं, तुरा, वजन, काहीतरी? इंग्लंडमध्ये 1865 साली याचे लेखी निकष छापून झाले. कुठल्या जातीच्या कोंबड्याचा तुरा कसा हवा, पाय कोणत्या रंगाचे हवेत, सगळं. आपल्याकडं रुमाल. कोंबड्या, बदकं, टर्की आणि एक लव्हबर्डची जोडी, सगळे एकाच गटात. परीक्षक आले, प्रत्येक पिंजऱ्यापुढं फोटो काढण्यापुरते थांबले. नेमक्या त्या क्षणी टर्कीनं पिसारा फुलवला आणि कोतवालानं पाठ केली. पहिलं बक्षीस टर्कीला. टर्कीशी माझं वैर नाही. पण दोनशे रुपये माझेही होते.

प्रमाणपत्र मिळालं. 'पक्ष्याचे नाव' या रेघेवर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. 'मालक' या रेघेवर श्री. कोतवाल. दुरुस्त करून मागितलं तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, "सर, सहभागाचंच आहे ना, चालतंय." बायकोनं ते फ्रिजवर चिकटवलंय. आलेल्या पाहुण्यांना ती आधी ते दाखवते, मग पाणी देते.

कोतवाल घरी येताच उकिरड्याकडं गेला आणि पोटभर राखेत लोळला. तीन बादल्या, व्हिनेगर, खोबरेल, सगळं पाच मिनिटांत.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मिळालं का बक्षीस?" म्हातारा.

"नाही, आजोबा."

"आरारा." खरंच वाईट वाटल्यासारखे ते थांबले. मग म्हणाले, "मग आता कितीला देतायसा?"