पौषातल्या सकाळी आणि कुकरची शिट्टी

पाच दिवस होते. ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी. मध्य प्रदेशात शाळांना शीतकालीन अवकाश म्हणून एवढंच मिळतं. आणि शाळा उघडली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "मग, कुठे गेला होतात?"

कुठेही नाही. इंदूरलाच होते. राजेंद्रनगरात, आमच्या घरापुढच्या ओट्यावर. सकाळी साडेआठ ते साडेदहा, कधी अकरा.

यावरून यंदा घरात जरा वाजलंही. ह्यांचं म्हणणं, नवीन वर्षाची सुरुवात महाकालाच्या दर्शनाने करू. अहो, उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर. महाकाल म्हणजे आपला शेजारी, तो काय १ जानेवारीलाच घरी असतो? २०२२ मध्ये महाकाल लोक, म्हणजे देवळाला लागून तो मोठा नवा परिसर, झाल्यापासून तर त्या दिवशी अर्धा देश तिथे लोटतो. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा, मी एखाद्या साध्या मंगळवारी जाईन. ह्यांचा चेहरा पडला. "ओट्यावर बसायला सुट्टी घालवणार?"

हो, घालवणार. का ते सांगते. जरा लांबण लागेल.

नोकरी करणाऱ्या बाईचं कॅलेंडर घ्या आणि सुट्ट्या मोजा. गणपतीची सुट्टी मोदकांची. दिवाळीची सुट्टी आधी जाळी-जळमटांची आणि मग चकल्यांची. रंगपंचमीला शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जातं आणि आपण पाहुण्यांच्या भज्यांचं पीठ भिजवतो. उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यात मोठी म्हणतात, तिच्यात पेपर तपासणी, लग्नं, मुंजी, लोणची, आणि वरून ऊन. प्रत्येक सुट्टीच्या पाठीवर एक सण नाहीतर एक समारंभ बसलेला असतोच.

फक्त ही एक मोकळी. मार्गशीर्षातले गुरुवार बहुतेक उरकलेले. पौष लागलेला. पौषात आपल्याकडे शुभकार्य नाही, आणि आमच्या हिंदी शेजाऱ्यांचा खरमास १६ डिसेंबरच्या आसपास लागतो तो थेट संक्रांतीपर्यंत, म्हणजे त्यांच्याकडचीही लग्नं बंद. बँड नाही, आहेर नाही, साड्यांना फॉल लावणं नाही. भोगीची भाजी, तिळगूळ, हळदीकुंकू सगळं अजून आठ-दहा दिवस लांब. नाताळचा केक बेकरीतून येतो, तो कुणी माझ्याकडून अपेक्षित धरत नाही. आपल्या पूर्वजांनी पौषाला भाकड महिना म्हटलं. माझ्या मते त्या पूर्वजांच्या बायकांना विचारलं असतं तर नाव वेगळं पडलं असतं.

तर ओटा. आमचा ओटा पूर्वेकडे आहे, पण समोर तीनमजली बिल्डिंग झाल्यामुळे ऊन साडेआठशिवाय उतरत नाही. आधी ते फाटकापाशी पडतं, मग पायरीवर, साडेनऊला तुळशीपाशी. खुर्च्या त्याच्या मागे मागे जातात. कुणी ठरवत नाही. बोलता बोलता एक जण बूड उचलते, खुर्ची वीतभर ओढते, मग दुसरी, आणि वाक्य मध्ये तुटत नाही. उठायची वेळ झाली ते आम्हाला घड्याळ नाही, तुळस सांगते.

मंडळ चौघींचं. गणितवाली, भूगोलवाली, मी, आणि समोरच्या वहिनी, ज्या शाळेत नाहीत पण शाळेतलं सगळं ज्यांना माहीत असतं. शिवाय डिसेंबरअखेर एक पाहुणी असते. आमच्या बरोबर शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, आईला भेटायला येते. तिला आम्ही तोंडावर पुणेकरीण म्हणतो, तिला चालतं.

मांडीवर मटार. या दिवसांत माळव्यात मटार कोवळा आणि स्वस्त, पाच-पाच किलो आणायचा, सोलायचा, उकळत्या पाण्यातून एक मिनिट काढायचा, गार करून पिशव्या भरून फ्रीजरमध्ये. हात कामात असले की बायकांना नुसतं बसल्याची लाज वाटत नाही. (हे बरं नाही, पण आहे हे असं आहे.)

पोह्यांवर मी लिहिणार नाही. इंदूरचं नाव निघालं की जो तो पोहे-जिलबी, शेव आणि जीरावन मसाल्यापासून सुरू होतो. पुणेकरणीसाठी एकदा कोपऱ्यावरून वाफेवरचे आणले, तिने डोळे मिटून खाल्ले, पुढे चला.

पहिल्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "मग, काय नवीन?"

आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. नवीन काय सांगणार? मग तिनेच सांगितलं. नवा फ्लॅट, मुलाची नोकरी, तिचा थायरॉईड, सासूबाईंचं ऑपरेशन. सगळ्या मोठ्या बातम्या, सगळ्या खऱ्या, आणि आम्ही मनापासून ऐकल्या. चाळीस मिनिटांत संपल्या. त्यानंतर जी शांतता पसरली ती तिला टोचली असावी, कारण तिने फोन काढला.

तेवढ्यात गणितवाली म्हणाली, "माझ्या कुकरची शिट्टी हरवून गेली ना."

झालं. "कधी?" "काल रात्री होती?" "डाळ लावली होती की भात?" "तू घासायला टाकताना काढत नाहीस, मी कितीदा सांगितलं." पुणेकरीण आमच्याकडे बघत राहिली. हिच्या मुलाला मोठी नोकरी लागली तेव्हा आम्ही दोन प्रश्न विचारले होते, शिट्टीला अकरा.

पण त्यात अपमान नव्हता. मोठी बातमी एका बैठकीची असते. ती तयार होऊन, भांग पाडून येते. ऐकणाऱ्याने "अरे वा" नाहीतर "अरेरे" एवढंच म्हणायचं. शिट्टीसारख्या गोष्टीला उद्याही यावं लागतं. काल काय झालं ते माहीत नसेल तर आज हसू येत नाही.

१ जानेवारीला संशय मटारच्या सालांवर गेला. सालांबरोबर शिट्टी ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेली असणार आणि गाडी तर सकाळीच येऊन गेली. आमच्याकडे ओलं वेगळं, सुकं वेगळं, प्लॅस्टिक वेगळं, हे आता हाडात भिनलंय, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर उगाच नाही आला. भूगोलवाली म्हणाली, "म्हणजे ती देवगुराडियाला गेली." तिथे ओल्या कचऱ्यापासून सीएनजी करायचा कारखाना आहे, रोजचा साडेपाचशे टनांचा, आणि त्या गॅसवर सिटी बस चालतात. "तुझी शिट्टी आता बसमध्ये वाजेल बघ." गणितवालीने गंभीर चेहऱ्याने हिशेब केला. शिट्टी शंभर ग्रॅमची धरली तर साडेपाचशे टनांत पंचावन्न लाखांत एक. "सापडायची नाही," ती म्हणाली. वहिनी इतक्या हसल्या की परात कलंडली आणि दाणे पायऱ्यांवरून थेट फाटकापर्यंत. पुणेकरीणच खाली बसली वेचायला.

२ तारखेला ढग आले. ऊन नाही, तरी सगळ्या हजर, शाली घेऊन. चार थेंब पडले तशी पुणेकरीण म्हणाली, "बाई, अवकाळी. शेतकऱ्यांचं नुकसान." आम्ही एका सुरात, "अगं मावठा आहे!" इथे या पावसाला स्वतःचं नाव आहे आणि त्याची वाट बघतात. गारा पडल्या नाहीत तर गव्हाला आणि हरभऱ्याला तो फुकटचं पाणी. भूगोलवालीने लगेच भूमध्य समुद्राकडून निघणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा धडा सुरू केला, तो वहिनींनी मध्येच तोडला, "एवढ्या लांबून निघाला आणि बरोबर माझ्या गच्चीवरच्या पापडांवर पडला?"

मागच्या वर्षी आमच्या बॅचचा मेळावा झाला होता. हॉटेल, एका रंगाच्या साड्या, तंबोला, सूत्रसंचालन. फोटो चारशे निघाले. त्या दिवशी कोण काय बोललं, यातलं एक वाक्यही मला आठवत नाही. मेळाव्यांना माझा विरोध नाही, ज्यांना हौस आहे त्यांनी करावेत. पण "आपण भेटतच नाही, काहीतरी प्लॅन करू" असं जे सारखं म्हणतात, त्यांना मला सांगावंसं वाटतं की प्लॅन नको, पाच सकाळी द्या. ओळीने पाच. पहिल्या दिवशी अवघडायला होईल, बोलायला काही सुचणार नाही. दुसऱ्या दिवशीही या.

पुरुषांना हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यांचा टपरीवरचा "और भिया" म्हणत रंगणारा फड बाराही महिने चालू असतो आणि त्याला सुट्टी घालवणं म्हणत नाहीत. असो.

तिसऱ्या दिवशी पुणेकरीण फोन घरी ठेवून आली. आईची शाल, पायात आईचेच मोजे. आल्या आल्या खुर्ची ओढली आणि "सापडली?" म्हणून विचारलं. चौथ्या दिवशी तिच्या आईने हाक मारली तर इथूनच ओरडली, "येऊन राहिले ना, मटार सोलून राहिले!" बोलून गेल्यावर स्वतःच दचकली. वीस-बावीस वर्षं पुण्यात राहून जे "येतेय, सोलतेय" कमावलं होतं, ते चार सकाळींत गेलं. गणितवाली म्हणाली, "आता बोलली बरोबर."

४ तारखेला रात्रीच्या बसने ती गेली. निघताना मटारची एक पिशवी दिली, बर्फासारखी, वर्तमानपत्रात गुंडाळून. काल शाळा सुरू झाली. सकाळी सहाला गिझर, दोन डबे, पोळ्या, तेच ते. ओट्यावर ऊन कधी आलं आणि कधी गेलं, बघितलं नाही.

रात्री साडेदहाला पुण्याहून मेसेज. पोहोचले, बस कशी होती, घरी सगळे बरे, यातलं काही नाही. फोटो होता. स्टीलची परात, तिच्यात वितळलेला मटार, आणि मटारच्या मधोमध कुकरची शिट्टी.

मी तो गणितवालीला पुढे पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, "तिला सांग, कुरिअर करू नको. डिसेंबरात घेऊन ये."