‘चिडवल्यानं पोरं घट्ट होतात’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

पालकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘आम्हालाही शाळेत चिडवलं, बदडलं, नावं पाडली. कुणाला टेन्शन आलं नाही, उलट घट्ट झालो. आजची लेकरं नाजूक, पालक त्याहून नाजूक.’ खाली अंगठ्यांची रांग. बीड जिल्ह्यात इतकी वर्षं शिकवतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

‘चिडवल्यानं घट्ट होतात.’ चिडवणं वेगळं, छळणं वेगळं. दोघं एकमेकांना ‘जाड्या’, ‘काड्या’ म्हणतात आणि शाळा सुटली की एकाच सायकलवर डबलसीट घरी जातात, ते चिडवणं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकापासून यावर काम केलं. छळाच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि ज्याचं काही चालत नाही अशावरच केलेला.

माझ्या वर्गात सहावीत एक पोरगं होतं. आई-बाप उसाला गेलेले, ते आजीजवळ. पोरांनी त्याचं नाव ‘कोयता’ पाडलं होतं. माझ्या कानावर होतं ते, पण मी हसण्यावारी नेलं. ती चूक माझी. एक दिवस आजी आली. म्हणाली, ‘सर, लेकरू बाटली भरलेलीच माघारी आणतंय.’ मधल्या सुटीत तिघं-चौघं त्याला मुतारीच्या दारात अडवायचे, म्हणून ते दिवसभर पाणीच पीत नव्हतं. सकाळी उठलं की पोट दुखायचं. घरच्यांना वाटायचं, शाळा बुडवायची नाटकं. यात घट्ट होण्यासारखं काय होतं?

‘आम्हाला काही झालं नाही.’ ज्यांना झालं, ते आठवीतच शाळा सोडून गेले. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर ते नाहीत. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशकं मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना सोबतच्यांनी छळलं होतं, त्यांच्यात पन्नाशीलाही नैराश्य जास्त आढळलं. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘एक ठेवून द्यायला शिकवा.’ त्याला ते जमलं असतं, तर पोरांनी त्याला धरलंच नसतं.

‘आजची लेकरं नाजूक.’ युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनातल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्याभरात एकदा तरी हे सोसावं लागलं होतं. एवढी सगळी नाजूक? आणि आपल्या वेळी घंटा झाली की सुटका व्हायची. आता कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि रात्री जेवताना लेकराचा घास अडकतो.

त्या चौघांना वर्गासमोर झापावं, असंच मला आधी वाटलं होतं. पण मग ‘चुगली केली’ म्हणून त्याला दुप्पट मार बसला असता. चौघांशी एकेकट्याशी बोललो. खरं काम झालं ते बघत उभं राहणाऱ्यांमुळे. त्यांच्यातल्या दोघांना सांगितलं, सुटीत याच्यासोबत जायचं. फिनलंडच्या शाळांतला ‘किवा’ कार्यक्रमही असाच बघ्यांवर भर देतो. पाणी प्यायला त्याला आठवडा लागला. हसायला बराच काळ.

तुमच्या घरी असं पोट दुखत असेल, तर आधी वर्गशिक्षकांना एकट्यात गाठा. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.